‘मी तिथं नव्हतोच!’ : फिलिपाइन्समधल्या खून खटल्याचा निकाल कसा वाचावा

फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे खुनाचे चार-पाच निकाल सलग वाचले की एक वाक्य तोंडपाठ होतं: साक्षीदाराने आरोपीला ठामपणे ओळखलं असेल, तर अ‍ॅलिबी टिकत नाही. अ‍ॅलिबी म्हणजे ‘त्या वेळी मी दुसरीकडे होतो’ हा बचाव. लॅटिनमध्ये शब्दाचा अर्थच ‘दुसरीकडे’. हे वाक्य इतक्या निकालांत, इतक्या सारख्या शब्दांत येतं की रबरी शिक्का उमटवल्यासारखं वाटतं. नवखा वाचक तिथंच पुस्तक मिटतो. तुम्ही मिटू नका. शिक्का मारण्याआधी न्यायाधीशांनी काय तपासलं, की काही तपासलंच नाही, ते शोधायचं. निकाल इंग्रजीत असतात आणि न्यायालयाच्या ई-लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात. कायद्याची पदवी लागत नाही. पेन्सिल मात्र जवळ ठेवा.

पायरी १ : शेवटचं पान आधी उघडू नका

तिथं ज्युरी नसते. प्रादेशिक न्यायालयातला एकटा न्यायाधीश साक्षी ऐकतो आणि निकाल देतो. वरची न्यायालयं फक्त कागद वाचतात. त्यामुळे ‘साक्षीदाराचा चेहरा, आवाज, अडखळणं खालच्या न्यायाधीशाने पाहिलं, आम्ही नाही’ असं म्हणत ती बहुधा त्याच्याच मताला मान देतात. २००४ पासून जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या शिक्षेवरचं अपील आधी अपील न्यायालयात जातं, मग सर्वोच्च न्यायालयात. फाशी २००६ मध्ये कायद्यानेच रद्द झाली, पण त्याआधीच्या निकालांत ती भेटते.

निकालात सरकारी पक्षाची हकीकत आणि बचाव पक्षाची हकीकत बहुतेक वेळा वेगळी मांडलेली असते. दोन्ही वाचा, पण लगेच तराजूत घालू नका. इथंच लोक चुकतात. ‘साक्षीदार म्हणतो होता, आरोपी म्हणतो नव्हतो, कोण खरं?’ असा सामना लावला की आरोपी सुरुवातीलाच हरतो, कारण स्वतःच्या सुटकेसाठी बोलणाऱ्याचं कोण ऐकणार? आधी ओळख एकटीच तपासा. अ‍ॅलिबीचं पान तोवर दुमडून ठेवा.

पायरी २ : साक्षीदाराच्या जागी जाऊन उभे राहा

१९९५ च्या तीहांकी खटल्यात न्यायालयाने सहा गोष्टी पाहायला सांगितल्या. पुढच्या असंख्य निकालांत त्या जशाच्या तशा उतरल्या आहेत: साक्षीदाराला गुन्हेगार नीट दिसण्याची संधी किती होती, त्याचं लक्ष कुठं होतं, आधी दिलेलं वर्णन किती जुळतं, तो किती ठाम आहे, घटना आणि ओळख यांत किती काळ गेला, आणि ओळख पटवताना कुणी काही सुचवलं का.

ही यादी तीहांकी खटल्यालाच लावून बघा. १३ जुलै १९९१, पहाटेची वेळ, मकातीतली श्रीमंतांची वसाहत. पायी चाललेल्या एका तरुण-तरुणीजवळ एक गाडी थांबते. उतरलेला माणूस ओळखपत्र मागतो. तरुण पाकीट पुढे करतो. तो माणूस ओळखपत्राकडे बघतही नाही, पाकीट हिसकावून खिशात टाकतो. म्हणजे दोघांत हातभराचं अंतर, समोरासमोर बोलणं, आणि गोळीबाराआधी काही मिनिटांचा वेळ. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर गोळी लागली तरी तो वाचला आणि त्याने क्लॉदियो तीहांकी ज्युनिअरला ओळखलं. गाडीच्या खिडकीतून ओझरता दिसलेला चेहरा आणि पाकीट हिसकावणारा चेहरा यांत फरक आहेच. पेन्सिलीने खूण करायची ती असल्या तपशिलांवर, ‘ठामपणे’ या शब्दावर नाही. ठामपणा सहापैकी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी भरवशाची. चुकलेला माणूसही छातीठोक बोलतो.

उजेडाबाबत तिथली न्यायालयं बरीच उदार आहेत. रॉकेलची चिमणी, विजेरी, प्रसंगी चांदणंसुद्धा पुरतं असं त्यांनी म्हटलंय. म्हणून ‘अंधार होता’ एवढ्यावर आरोपी सुटेल अशी आशा धरू नका. अंतर किती, आणि साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत होता का, ते बघा. खेड्यातल्या खटल्यात दोघं एकाच वस्तीतले असतात आणि चालण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखू येतो. अनोळखी मारेकऱ्याचं तसं नसतं.

पायरी ३ : पोलिसांनी ओळख पटवून कशी घेतली?

आपल्याकडे ओळखपरेड म्हटलं की रांगेत उभी केलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. फिलिपाइन्समध्ये अशी रांग लावलीच पाहिजे असा कायदा नाही. एकट्या संशयिताला साक्षीदारासमोर आणलं किंवा फोटो दाखवले, तरी ओळख आपोआप बाद होत नाही. फोटोंबाबत २००४ च्या पिनेदा निकालात दोन साध्या अटी आहेत: एकट्या संशयिताचा नव्हे, अनेकांचे फोटो दाखवा, आणि मांडणी अशी असावी की ‘हाच तो’ हे कुणाच्या लक्षात येऊ नये.

या अटी कागदावर सोप्या वाटतात. कर्नल आबादिल्या यांच्या खुनाच्या खटल्यात त्यावरूनच खडाजंगी झाली. १९९६ मध्ये केसोन शहरात भर सकाळी रस्त्यावर त्यांचा खून झाला आणि मुख्य साक्षीदार होता जवळच ड्युटीवर असलेला सुरक्षारक्षक. सप्टेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने त्याची साक्ष मान्य करून शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती कार्पियो यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं: रक्षकाला आधी एकाच संशयिताचा फोटो दाखवला होता, मग पुढच्या ओळखीला अर्थ काय उरला? वेगळं मत नेहमी वाचा. बहुमताने एका ओळीत उरकलेला मुद्दा तिथं पानभर सापडतो.

पायरी ४ : साक्षीदार चुकतोय, की खोटं बोलतोय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उजेड, अंतर, फोटो यांनी चूक पकडता येते. खोटं पकडायला वेगळी नजर लागते, आणि ती शिकायला व्हिस्कोंदे खटल्यासारखा दुसरा निकाल नाही.

३० जून १९९१ च्या पहाटे पारान्याके शहरात एका घरात आई आणि दोन मुली मारल्या गेल्या. चार वर्षांनी राष्ट्रीय तपास संस्थेची एक खबरी पुढे आली, ‘मी तिथं होते’ म्हणाली आणि माजी सिनेटरचा मुलगा ह्यूबर्ट वेब आणि त्याच्या मित्रांना ओळखलं. तिला सगळे आधीपासून माहीत होते, म्हणजे चेहरा चुकण्याचा प्रश्नच नव्हता. वरच्या सहा कसोट्या लावून बघा, ती आरामात पास होते! २००० मध्ये खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली.

१४ डिसेंबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालात न्यायमूर्ती आबाद यांनी सरळ लिहिलं की खोटारडा साक्षीदारही खऱ्या साक्षीदाराइतकीच ठाम ओळख देऊ शकतो. म्हणून त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या: सांगणारी विश्वासार्ह आहे का, आणि सांगितलेलं घडण्याजोगं आहे का. ती आधी म्हणत होती की माहिती असलेल्या दुसऱ्याच माणसाला आणते. तो आणता आला नाही तेव्हा साक्षीदार म्हणून स्वतःच उभी राहिली. तिच्या दोन प्रतिज्ञापत्रांत मेळ नव्हता. शिवाय गाडीच्या बॉनेटवर चढून दिवा सैल करण्यासारखे तपशील घरफोड्या करणाऱ्या एका टोळीच्या आधीच गाजलेल्या कबुलीशी जुळत होते. अशा टोळ्यांना तिकडे ‘आक्यात-बाहाय’ म्हणतात, म्हणजे घरावर चढून शिरणारे. तिच्या गोष्टीत मात्र त्या चढण्याला काही कारणच उरत नव्हतं.

पायरी ५ : आता अ‍ॅलिबीचं दुमडलेलं पान उघडा

आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्यात, आरोपी त्या दिवशी लाहोरला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते चेन्नई आणि लडाख झालं. फिलिपाइन्समध्ये नुसतं दुसरीकडे असणं पुरत नाही. घटनास्थळी किंवा जवळपास पोहोचणं अशक्य होतं, हे दाखवावं लागतं. तीहांकीचं ‘मी पासिगमधल्या घरी झोपलो होतो’ इथंच पडलं. पासिग मकातीच्या शेजारीच आहे.

‘अशक्य’ हा शब्द किती कडक आहे, ते लारान्यागा खटल्यात दिसतं. १९९७ मध्ये सेबूत दोन बहिणींचं अपहरण झालं. आरोपी म्हणाला, मी केसोन शहरात होतो, आणि पस्तीसहून जास्त माणसं त्याला दुजोरा द्यायला तयार होती. केसोन आणि सेबू यांच्यामध्ये समुद्र आहे. न्यायालयाने म्हटलं, विमानाने तासाभराचं अंतर, मार्गावर चार विमान कंपन्या, अशक्य कसं? मला ते अजूनही पटत नाही. विमान असणं वेगळं आणि त्या विमानात तो बसला होता हे दाखवणं वेगळं.

म्हणून साक्षीदार मोजू नका, कागद मोजा, आणि तो कागद कुणी लिहिला ते बघा. वेबच्या बाजूने आई-वडील आणि मित्र बोललेच, पण सोबत पासपोर्ट होता, ९ मार्च १९९१ ला देश सोडल्याचा आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये परतल्याचा शिक्का होता, अमेरिकी सरकारची नोंद होती, जून १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला वाहनपरवाना होता. खालची कोर्टं म्हणाली, मध्येच गुपचूप येऊन गेला असेल. आबाद यांनी विचारलं, त्यासाठी दोन देशांच्या इमिग्रेशनला आणि विमान कंपन्यांना सामील करावं लागेल, ते कसं केलं? निर्दोष माणसाकडे ‘मी नाही केलं, मी तिथं नव्हतो’ याशिवाय दुसरा बचाव असतो तरी कुठं, हेही त्यांनी लिहिलं.

पायरी ६ : ‘सुटका’ या शब्दाखाली काय लिहिलंय ते बघा

सरकारी पक्षाला आपला पुरावा आपल्याच बळावर उभा करावा लागतो. बचाव लंगडा आहे म्हणून तो भक्कम होत नाही. त्यामुळे निर्दोष सुटकेचा निकाल वाचताना ‘गुन्हा दुसऱ्याने केला’ असं वाक्य शोधाल तर बहुधा मिळणार नाही. ‘वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही’ एवढंच सापडेल. व्हिस्कोंदे कुटुंबात मागे राहिलेल्या वडिलांनी फेरविचाराचा अर्ज केला, तो २०११ च्या जानेवारीत फेटाळला गेला. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. वेब १९९५ पासून आत होता. पंधरा वर्षांनी तो बाहेर आला, आणि त्या घरातले तीन खून कुणी केले ते त्या निकालात कुठेच लिहिलेलं नाही.