पीटर लुगरला जायचंय? आधी कॅश काढा

न्यू जर्सीत कुणाकडे आलात आणि ब्रुकलिनच्या पीटर लुगरला स्टेक खायचा बेत ठरला (1887 पासूनची जागा, विल्यम्सबर्ग ब्रिजच्या अगदी जवळ), तर पहिलं काम कॅश. तिथे क्रेडिट कार्ड घेत नाहीत. कुठलंच नाही. रोख चालते, अमेरिकन बँकेचं डेबिट कार्ड चालतं, आपलं भारतातलं डेबिट कार्ड चालत नाही. मागे अशाच एका जुन्या स्टेकहाऊसात पाकिटात कार्डंच कार्डं आणि नोटा म्हणाल तर जेमतेम टिपेपुरत्या, मग बायको टेबलावर तारण आणि मी भर थंडीत एटीएम शोधत फिरतोय, ते परत नको.

किती काढायची? मेनूवरचा आकडा बघून नाही. त्यावर न्यूयॉर्कचा 8.875 टक्के टॅक्स आणि वर 18-20 टक्के टीप, म्हणजे जवळपास तीस टक्के जास्त धरा आणि त्यावर अजून थोडी. आदल्या दिवशीच काढा, एटीएमला लिमिट असतं.

बुकिंग लवकर करा, शनिवार-रविवारचं तर खूपच आधी. कपडे काहीही चालतात. बर्गर खायचा असेल तर दुपारीच जा, रात्री मिळत नाही.

बीफ कोण खातं हे घरीच विचारून घ्या, तिथे टेबलावर तोंडं वाकडी नकोत. न खाणाऱ्यांना लॅम्ब चॉप किंवा सामन आहे. शाकाहारी माणसाला मात्र बटाटे, क्रीम घातलेला पालक आणि टोमॅटो-कांदा यावर भागवावं लागेल, उगाच आग्रह करून नेऊ नका. मटणच हवं असेल तर मॅनहॅटनला कीन्स आहे, 1885 चं, छताला तंबाखू ओढायचे हजारो मातीचे पाइप टांगलेत आणि मटन चॉपसाठीच प्रसिद्ध, शिवाय तिथे क्रेडिट कार्ड चालतं. लुगरला नाही. सांगितलं ना मगाशी.

ऑर्डर सोपी आहे. पोर्टरहाऊस म्हणजे तिथला मुख्य स्टेक, दोघांसाठी, तिघांसाठी असा मिळतो, मधे हाड, एका बाजूला स्ट्रिप हा जरा घट्ट भाग, दुसरीकडे मऊ टेंडरलॉइन. मीडियम रेअर, म्हणजे आतून लालसर-गुलाबी सांगा, ‘चांगलं शिजवून आणा’ म्हणालात तर एवढं ड्राय एज केलेलं (थंड जागेत कित्येक दिवस मुरवलेलं) मांस चामडं होऊन येईल आणि पैसे तेवढेच. प्लेट चटका बसेल इतकी गरम असते, हात लावू नका. ती एका बाजूने उचलून तिरकी ठेवतात, बटर आणि रस खाली जमतो, वेटर तोच चमच्याने तुकड्यांवर घालतो. आधी जाड बेकनचा एकेक तुकडा घ्या, पण माणशी एकच, त्यानेच अर्धं पोट भरतं. टेबलावरचा सॉस टोमॅटो-कांद्यावर घ्या, स्टेकवर ओतू नका प्लीज. वेटर जरा फटकळ वाटले तर मनावर घेऊ नका, ती तिथली जुनी स्टाइल आहे.

गोड एकच मागवा, वर श्लाग म्हणजे घट्ट क्रीमचा डोंगर येतो, चौघांत पुरतो. उरलेलं पॅक करून घ्या, हाडासकट. सबवेचं स्टेशन मार्सी अव्हेन्यू, जे किंवा एम ट्रेन. आणि निघताना पाकीट उघडून बघा, नोटा आहेत ना, कार्डं नाही, नोटा.