मॅकचा आवाज टर्मिनलमधून कमी-जास्त करायचं छोटं स्क्रिप्ट

रात्री बाळाला झोपवून मी हेडफोन लावून लेक्चर बघते, एकदा वायर ओढली गेली, पिन निघाली आणि लेक्चर स्पीकरवर मोठ्ठ्याने सुरू, बाळ दचकून उठलं ते परत झोपायलाच तयार नाही. कारण मॅक हेडफोनचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो आणि स्पीकरचा वेगळा, हेडफोनवर कितीही कमी करा, स्पीकर होता तिथेच राहतो. म्हणून आता हेडफोन लावायच्या आधीच मी स्पीकर बारीक करून टाकते.

टर्मिनल उघडा, म्हणजे मॅकमधलं ते अ‍ॅप जिथे कमांड टाइप करून काम सांगता येतं. इथे कमांड देवनागरीत लिहितेय, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरं आणि इंग्रजी आकडेच घ्या. पहिला शब्द ओ, एस, ए आणि स्क्रिप्ट, सगळं जोडून:

ओएसएस्क्रिप्ट -ई "सेट व्हॉल्यूम आउटपुट व्हॉल्यूम १०"

आकडा ० ते १००. एक नीट बघा, "आउटपुट व्हॉल्यूम" हे दोन शब्द गाळून नुसतं "सेट व्हॉल्यूम ७" लिहिलंत तर ती जुनी ० ते ७ ची पट्टी धरली जाते, तिथे ७ म्हणजे फुल्ल आवाज! पूर्ण बंद करायचा तर "सेट व्हॉल्यूम आउटपुट म्यूटेड ट्रू", परत चालू करायला ट्रूच्या जागी फॉल्स.

आता रोज एवढं कोण टाइप करणार, म्हणून होम फोल्डरमध्ये "नॅनो व्हॉल" करून फाइल बनवा (नॅनो हा टर्मिनलमधलाच साधा टेक्स्ट एडिटर, व्हॉल म्हणजे इंग्रजी व्हॉल्यूमची पहिली तीन अक्षरं), पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि /बिन/एसएच, दुसरीत वरचीच कमांड, फक्त आकड्याच्या जागी $१, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तुम्ही द्याल तो आकडा. अवतरण डबलच ठेवा, सिंगल दिलंत तर $१ च्या जागी तुमचा आकडा येतच नाही आणि एरर येतो, मी इथेच बराच वेळ अडकले होते. सेव्ह करा, एकदा "सीएचमॉड +एक्स व्हॉल" चालवा (याने फाइल चालवता येण्यासारखी होते), मग "./व्हॉल १०" म्हटलं की झालं.

रोज रात्री दहाला आपोआप हवं असेल तर "क्रॉनटॅब -ई" मध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कमांडची यादी) ० २२ * * * आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ, शेवटी १०. त्या वेळी मॅक स्लीपमध्ये असेल तर मात्र ते चालत नाही.

आणि एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल तर बहुतेक वेळा या कमांडने काहीच होत नाही, तिथे आवाज मॉनिटरच्या बटणानेच कमी करावा लागतो.