हरोळी पिवळ्या पायांची की राखी कपाळाची?

गोव्यात मोले किंवा बोंडल्याच्या जंगलात फळलेला वड शोधून ठेवा आणि सकाळी पहिलं ऊन पडताच तिथे पोचा. हरोळ्या, म्हणजे हिरवी रानकबुतरं, तेव्हा शेंड्यावर ऊन खात बसतात. एकदा पानांत शिरल्या की सापडणं कठीण, हिरव्यात हिरवं!

आधी पाय बघा. पिवळे तर पिवळ्या पायांची हरोळी, म्हणजेच हरियाल, सुमारे ३३ सेंमी. लालसर तर राखी कपाळाची, आकाराने लहान. या दुसरीच्या नराची पाठ गडद तांबूस-तपकिरी, मादीची मात्र हिरवीच. त्यामुळे नुसत्या पाठीवर भरवसा ठेवलात तर फसलात. हरियालाचा जांभळट डागही चकवतो, पण तो खांद्यापुरताच. सावलीत पाय काळपट दिसतात. पक्षी फळासाठी उलटा लोंबकळेपर्यंत दुर्बीण खाली ठेवू नका.