आज्जीच्या ओव्या रेकॉर्ड कशा करायच्या (परगावी राहणाऱ्या गलाईवाल्यांसाठी)

आमची विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, आमचं घर कोईमतूरला, पोरं तमिळ फाडफाड बोलतात पण गावाकडं आली की आज्जीचं बोलणं कळायला त्यांना आई मधे लागते. तुमच्याकडंही असंच असेल तर याच सुट्टीत हे कराच.

आज्जीला खुर्चीत बसवून "जुनं काहीतरी सांग" म्हणू नका, दोन वाक्यात संपतं. मी तेच केलं, तीन ओव्यासुद्धा आठवेनात तिला. मग जातं काढलं, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा हातात आल्यावर अकरा ओव्या सलग आल्या! हाताला काम द्या, शेंगा फोडू दे, भाकरी थापू दे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून तिच्या तोंडाजवळ उशीवर ठेवा, जमिनीवर ठेवला की नुसती घरघर येते. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आपणच बोलायची.

साल विचारू नका. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठं होतीस" विचारा, म्हणजे डिसेंबर १९६७ पक्कं झालं, तसंच ७२ चा दुष्काळ, तेव्हा घरात कोण कोण होतं, धंद्याला पहिलं कोण बाहेर पडलं.

गावात हेळवी (घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून वाचून दाखवणारा) अजून येत असेल तर धान्य-पैसे देऊन वंशावळ वाचून घ्या, पण रेकॉर्डिंगच्या आधी विचारा, त्या वहीवर त्याचं पोट आहे. आमच्या वंशावळीत सगळे बापय, एका बाईचं नाव नाही. आणि आज्जीच्या ओवीत तिची आई, तिचे भाऊ, माहेरची वाट सगळं होतं, म्हणून दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही.

कागद शोधताना एक लक्षात ठेवा, १९४९ पर्यंत आपला विटा-खानापूरचा भाग सातारा जिल्ह्यात होता (आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात), मग दक्षिण सातारा झाला आणि सांगली हे नाव १९६० चं, त्यामुळं जुन्या कागदावर सातारा किंवा औंध दिसलं तर बाजूला टाकू नका. मोडी लिपीत असेल तर फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या.

नंतर पोरांना ऐकवून लिहायला लावा, देवनागरी येत नसेल तर तमिळ लिपीत लिहू दे. फक्त आज्जी "न्हाय" म्हणाली तर "नाही" करू नका. अडलेला शब्द पोरांनीच आज्जीला फोन करून विचारायचा, माझी लेक आता रविवारी स्वतःहून लावते फोन.