परदेशात येळवस मांडताना या चुका टाळा

लातूर-धाराशिवकडची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेली की दोन-तीन वर्षांत त्यांना कोणीतरी हमखास विचारते, "आमच्या ग्रंथालयात किंवा शाळेत येऊन एक दिवस तुमच्या देशाची ओळख करून द्याल का?" मी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या एका लहान गावात आठ वर्षे राहिले आणि अशी आमंत्रणे अनेकदा स्वीकारली. त्यातून जे शिकले, ते आता जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एका तासात अख्खा भारत दाखवायला जाणे. पहिल्या वर्षी मी ताजमहाल, अजिंठा, दिवाळी, योगासने आणि चित्रपटातला नाच असे सारे एकत्र मांडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण एकाही माणसाने प्रश्न विचारला नाही, कारण त्यातले काहीच माझ्या घरचे नव्हते. पुढे मी फक्त येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, निवडली. मार्गशीर्ष अमावस्येला सारे गाव शेतात जाते, कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारते, त्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजते आणि डोक्यावरून आणलेल्या बिंदगीतले (घागरीतले) आंबील, म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक यांचे पेय, उभ्या पिकावर शिंपडते, एवढेच सांगितले, तर तासभर प्रश्न संपेनात.

सोपे करून सांगण्याच्या नादात येळवशीला 'कापणीचा सण' म्हणू नका. त्या दिवशी ज्वारी रानात उभी असते, हरभरा घाटे धरत असतो आणि कापणीला अजून महिना-दोन महिने असतात. हाती आलेल्या धान्याचे आभार मानणे वेगळे आणि अजून हाती न आलेल्या पिकाला आधी जेवू घालणे वेगळे. माझ्या मते येळवशीचा सारा जीव या फरकात आहे आणि तो गेला की मागे नुसती वनभोजनाची सहल उरते.

जेवणाच्या बाबतीत अडचणी अधिक येतात. तिकडे मिळणारे ज्वारीचे पीठ पुष्कळदा जुने असते, त्यामुळे त्याला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही आणि भाकरी थापताना कडेला चिरा जातात. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावे, एका वेळी एकाच भाकरीपुरते घ्यावे आणि तळहाताच्या टाचेने चांगले रगडावे. सभागृहातल्या विजेच्या शेगडीवर जाळ नसतो, म्हणून भाकरी उलटल्यावर ओल्या फडक्याने कडा दाबत राहावे, म्हणजे ती तव्यावरच फुगते. तिकडे ताक म्हणून विकले जाणारे दाट आणि फार आंबट असते. त्यात आंबील करायचे तर निम्मे पाणी घालावे.

याहून गंभीर गोष्ट ॲलर्जीची आहे. ब्रिटनच्या अन्ननियमांत ॲलर्जीकारक म्हणून 14 घटक ठरवून दिलेले आहेत आणि त्यांत शेंगदाणे, तीळ, दूध, मोहरी व ग्लुटेन हे चिकट प्रथिन असलेली गव्हासारखी धान्ये येतात, म्हणजे आपले अर्धे स्वयंपाकघर येते. ज्वारीत ग्लुटेन नसते आणि भज्जीतल्या, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीतल्या, शेंगा-भाज्यांतही नसते, म्हणून ग्लुटेन न चालणाऱ्या एका बाईंना मी निश्चिंतपणे ती वाढायला घेतली होती. पळी हातात असतानाच हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचली, तर त्यात गव्हाचे पीठ होते. तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थासमोर त्यातल्या सर्व घटकांची चिठ्ठी लावते, मसाल्याच्या पुड्यांतल्या घटकांसकट.

उदबत्ती किंवा धूप लावण्याआधी सभागृहात धुराचा गजर आहे का, ते विचारून घ्यावे. रांगोळी गुळगुळीत लाकडी फरशीवर न काढता पाटावर काढावी, कारण तिच्यावरून वयस्कर माणसे घसरतात.

अवघड प्रश्न टाळणे हीदेखील चूकच आहे. एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारले की, शेतात राबणारी माणसे तुमच्याबरोबर जेवतात का. ज्याला शेत नाही त्यालाही येळवशीला आवर्जून बोलावतात, हे खरे आहे आणि ते मी सांगितले. पण आजोबांच्या काळी आमच्या सालगड्याचे ताट कोपीबाहेर वाढले जाई, हेही सांगितले. आपल्या माणसांविषयीचे अर्धे सत्य परक्यांसमोर मांडले, तर पुढे आपल्या कोणत्याच शब्दाला वजन राहत नाही.

तसेच हा सण केवळ आमचाच, असा दावा करू नये. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा आणि आज कर्नाटकात असलेले बिदर-कलबुर्गी एकाच हैदराबाद संस्थानात होते, तिकडची कन्नड माणसेही ही अमावस्या शेतातच साजरी करतात आणि 'बिंदगी' हा शब्दही कन्नडच्या 'बिंदिगे'शी नाते सांगतो. एकदा श्रोत्यांत बिदरच्या एक बाई निघाल्या. त्यांना मी पुढे बोलावले आणि उरलेला अर्धा तास आम्ही दोघी मिळून बोललो.

शेवटची चूक वेळेच्या आखणीची. आपले बोलणे अर्ध्या वेळात संपवावे आणि उरलेला वेळ समोरच्यांना द्यावा. मी तसे केले त्या वर्षी मागच्या रांगेतले एक वृद्ध बागायतदार उठले आणि म्हणाले की, आम्हीही जानेवारीत सफरचंदाच्या बागेत जातो, झाडांच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाचे मद्य, ओततो, फांद्यांना भाजलेल्या पावाचे तुकडे बांधतो आणि चांगले पीक येऊ दे म्हणून गाणी म्हणतो. या प्रथेला ते 'वॉसेल' म्हणतात. पुढच्या जानेवारीत त्यांनी मला बागेत बोलावले. मी घरून तांब्याभर आंबील नेले होते. त्यांनी सायडर ओतल्यावर ते मी त्याच झाडाच्या बुंध्याशी शिंपडले.