फोटोत आहे की फक्त आपल्या आठवणीत? क्लबच्या स्पर्धेला फोटो देताना आणि तपासताना

अनंत चतुर्दशीला लालबागमधून गणपती निघतात तेव्हा मूर्तीच्या पुढे काही माणसं लांब बांबू घेऊन चालतात. रस्त्यावर आडव्या आलेल्या वायरी बांबूनं उचलून धरायच्या, मूर्ती खालून सरकली की सोडायच्या आणि पुढच्या वायरीकडे धावायचं. एका वर्षी अशाच एका काकांच्या मागे मी अख्खी दुपार चालले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, मान सतत वर. मूर्तीकडे वळून बघायलाही त्यांना उसंत नव्हती. त्यांचा एक फोटो मी आमच्या फोटोग्राफी क्लबच्या मासिक स्पर्धेला दिला. परीक्षकांनी तो चार सेकंद पाहिला, "गर्दी आहे, बघायचं कुठे?" असं म्हणाले आणि पुढचा फोटो पडद्यावर आला.

मला फार लागलं ते. दोन आठवडे तो फोटो मी उघडलाच नाही. उघडला तेव्हा दिसलं, की काका उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढे होते आणि वायर पांढऱ्या आभाळात विरून गेली होती. घाम, मान, धावपळ हे सगळं मला दिसत होतं, कारण मी ते अनुभवलं होतं. फोटोत त्यातलं काहीच उतरलेलं नव्हतं.

क्लबच्या स्पर्धांमध्ये मी १४ वर्षं फोटो देते आहे आणि गेली ५ वर्षं परीक्षक म्हणूनही बसते. नोकरी परळच्या एका छापखान्यात, रंगांची प्रुफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, तपासण्याची. क्लबात नवीन आलेली मुलं दर महिन्याला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

निवड

काढल्या काढल्या फोटो स्पर्धेला देऊ नका. निदान दोन आठवडे जाऊ द्या. त्या दिवसाचा उत्साह उतरला की फोटो परक्यासारखा बघता येतो, आणि परीक्षक तुमच्यासाठी परकाच असतो. तुम्ही पहाटे किती वाजता उठलात, किती चिखल तुडवलात, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी ६०-७० फोटो येतात, त्यामुळे पहिल्या फेरीत एका फोटोच्या वाट्याला चार-पाच सेकंदच येतात.

मग फोटो अशा कुणाला दाखवा, जो तिथे नव्हता. माझ्या बाबतीत ही व्यक्ती म्हणजे माझी जाऊ. तिला फोटोग्राफीची आवड नाही, आणि तेच बरं आहे. मात्र तिला "कसा आहे?" असं विचारलं तर ती "छान आहे गं" म्हणते, त्याचा काही उपयोग होत नाही. मी विचारते, "आधी काय दिसलं? मग काय?" तिनं मागच्या होर्डिंगचं नाव घेतलं तर माझा फोटो होर्डिंगचा झालेला असतो, मी कितीही म्हटलं की तो फुलवालीचा आहे.

स्वतःच्या नजरेची परीक्षा घ्यायची असेल तर फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघा. एवढ्या आकारात मांडणी उघडी पडते. नंतर तोच उलटा, डोकं खाली करून बघा. उलट्या फोटोत माणूस ओळखू येत नाही, फक्त उजेड आणि काळोख दिसतो. नको त्या कोपऱ्यातला पांढरा डाग लगेच डोळ्यांत भरतो.

चार फोटो द्यायचे असतील तर एकाच दुपारचे चार देऊ नका. ते एकमेकांनाच पाडतात.

विभाग चुकला की सगळं चुकलं

चांगले फोटो सर्वांत जास्त इथेच बाद होतात, म्हणून यावर जरा थांबते. निसर्ग विभागाची व्याख्या फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना, अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून ठरवलेली आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक क्लब तीच वापरतात. त्यात माणसानं केलेली वस्तू चालत नाही. अपवाद एवढाच, की ती वस्तू निसर्गाच्याच गोष्टीचा भाग असावी. कौलाखाली घुबडानं घर केलं असेल तर कौल चालतं.

शिवडीचंच उदाहरण घ्या. भरतीचं पाणी चढू लागलं की फ्लेमिंगो चिखलावरून किनाऱ्याकडे सरकतात, आणि साध्या लेन्सनंही बरा फोटो मिळतो. पण १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू तिथूनच सुरू होतो. पक्ष्यांच्या मागे खांबांची रांग आली, की तो फोटो निसर्ग विभागात बसत नाही. आणि खांब सॉफ्टवेअरनं पुसणं ही तर त्याहून मोठी चूक आहे. या विभागात क्रॉप करता येतं, म्हणजे कडा कापता येतात, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढता येतात, उजेड आणि रंग दिसले तसे राखून थोडेफार सुधारता येतात. चित्रातली वस्तू मात्र काढता येत नाही, नवी घालताही येत नाही. तेव्हा दोन पावलं सरकून कोन बदला, किंवा सेतूला मानानं फोटोत घ्या आणि फोटो खुल्या, म्हणजे विषयाचं बंधन नसलेल्या, रंगीत विभागात द्या. शहराच्या अंगणात उतरलेले पक्षी हाही सांगण्यासारखाच विषय आहे. पक्ष्याच्या पायात संशोधकांनी घातलेलं कडं दिसलं तर घाबरू नका, ते नियमात चालतं. ते पुसण्याचा मोह तेवढा टाळा.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे गाठिया टाकून बोलावलेले कुरव पक्षी मी स्वतः निसर्ग विभागात देत नाही. उडणारा पक्षी खरा असला तरी तो क्षण आपण विकत घेतलेला असतो.

कृष्णधवलचा नियम सोपा आहे. पूर्ण फोटोला एकच छटा दिलीत, उदाहरणार्थ सेपिया, तरी तो मोनोक्रोमच राहतो. राखाडी रस्त्यावर एकच लाल छत्री ठेवलीत की तो रंगीत झाला. आणि आकाश आवडलं नाही म्हणून सॉफ्टवेअरमधलं तयार आकाश चिकटवणं कुठल्याच विभागात बसत नाही, कारण ते तुम्ही टिपलेलं नाही. एआयनं बनवलेल्या भागांचंही तेच. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली, काहीच न बदललेली फाइल, जपून ठेवा. शंका आली तर ती मागितली जाते, आणि ती मागणं हा तुमच्यावरचा आरोप नसतो.

फाइल आणि प्रिंट

डिजिटल विभागासाठी बहुतेक ठिकाणी १९२० बाय १०८० पिक्सेलची चौकट असते. फोटो आडवा असो वा उभा, उंची १०८० पेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उभ्या फोटोत नेमकं हेच विसरून लोक १९२० उंचीची फाइल पाठवतात. रंगाची प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे हे सांगणारी नोंद, एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या प्रोफाइलमधला गुलाबी फ्लेमिंगो क्लबच्या प्रोजेक्टरवर आजारी दिसतो. फोटोवर नाव, सही, रंगीत चौकट काही नको. परीक्षकाला फोटो कुणाचा हे कळता कामा नये, आणि यात तुमचंच हित आहे.

शीर्षकाबद्दल एकच सांगते. ‘आशेचा किरण’, ‘जीवनसंघर्ष’ असली नावं फोटोचं काम स्वतःकडे घेऊ पाहतात. ‘ससून डॉक, पहाट’ एवढं पुरतं.

प्रिंटचं म्हणाल तर हा माझा रोजचा धंदा आहे. "प्रिंट काळी आली" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा लॅपटॉप पूर्ण उजेडावर असतो. स्क्रीनचा उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास हवा. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजेड उतरवा. मोठी प्रिंट काढण्याआधी फोटोतल्या सर्वांत काळ्या आणि सर्वांत उजळ भागाची हातभर पट्टी छापून बघा. छापखान्यात आम्ही प्रुफं ५००० केल्विनच्या दिव्याखाली तपासतो (केल्विनचा आकडा उजेडाची झाक सांगतो, तो जितका मोठा तितका उजेड निळसर). क्लबच्या हॉलमधली ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्विनची, निळसर असते. तुमची प्रिंट तिच्याखाली बघितली जाणार आहे, तेव्हा घरातल्या पिवळ्या बल्बखाली पसंत केलेला त्वचेचा रंग एकदा ट्यूबखालीही बघून घ्या.

पावसाळ्यात प्रिंट स्पर्धेच्या दोन दिवस आधी तरी काढा. इंकजेटची शाई वाळायला मुंबईच्या जुलैत वेळ लागतो, आणि ओलसर प्रिंट प्लॅस्टिकमध्ये घातली की आत धुकं धरतं. गुंडाळी करू नका. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून, बाहेरून दुधाच्या पिशवीसारखं जाड प्लॅस्टिक लावून मी लोकलनं नेते. गर्दीत पुठ्ठा छातीशी धरायचा, पाठीवर नाही.

खुर्चीच्या पलीकडे

मुंबईत एकत्र जमून फोटोंवर बोलण्याची रीत जुनी आहे. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळातल्या एका पद्धतीत काचेला रसायन लावून, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच अंधारात धुवावा लागे. इतक्या खटाटोपातून आलेला फोटो कुणी चार सेकंदांत बाजूला केला असेल असं मला वाटत नाही. परीक्षकाच्या खुर्चीत बसताना मी हे मुद्दाम आठवते. फोटो देणाऱ्यानं स्वतःच्या फोटोकडे परक्यासारखं बघावं. परीक्षकानं मात्र परक्याच्या फोटोकडे तो आपला असल्यासारखं बघावं.

म्हणून आधी सगळे फोटो गुण न देता एकदा बघून घ्या. अंदाज आल्याशिवाय गुण देऊ लागलात तर पहिल्या दहा जणांवर अन्याय होतो, कारण सुरुवातीला हात आखडता असतो. आमच्याकडे गुण देऊन संपले की पहिले दहा पुन्हा लावतो, आणि दर वेळी दोन-तीन आकडे बदलतात.

गुण देताना शेजारच्या परीक्षकाशी बोलायचं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. कुणाचा फोटो आहे हे ओळखलंत, किंवा तुम्ही शिकवलेल्या मुलीचा असला, तर तसं सांगून त्या फोटोपुरते बाजूला व्हा. १ ते ५ अशी पट्टी असेल तर ती सगळी वापरा. भिडेखातर सगळ्यांना ३ देणारा परीक्षक खरं तर निवडीतून अंग काढून घेतो.

"पुन्हा फ्लेमिंगो" किंवा "पुन्हा धोबीघाट" म्हणून गुण कापू नका. तुम्ही शंभर पाहिले असतील, त्या मुलाचा तो पहिला असेल. त्याच्या फोटोत त्याचं असं काही दिसतं का, एवढंच बघा. आणि बोलताना फोटोत काय आहे ते आधी सांगा, मग बदलता येईल अशी एकच गोष्ट. "मी असते तर डावीकडून घेतला असता" हे वाक्य मी स्वतःला बंद केलं आहे. तिथे मी नव्हते.

आता बेरजेबद्दल, कारण घोटाळा तिथेच होतो. तिघांनी ३, ३, ३ दिले की ९ होतात. ५, २, २ दिले तरी ९ च. पहिला फोटो कुणाला खटकत नाही आणि कुणाला धरूनही ठेवत नाही. दुसऱ्यानं एकाला घट्ट धरलेलं असतं. बेरीज सारखी आली आणि एखाद्या फोटोच्या आकड्यांत असा फरक दिसला, की तो फोटो पुन्हा पडद्यावर लावा आणि ५ देणाऱ्याला आधी बोलू द्या.

मागच्या पावसाळ्यात असा एक फोटो आला. विरार लोकलचा लेडीज डबा, संध्याकाळ, मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या एक बाई. जुडी स्पष्ट, बोटं मात्र धूसर. ‘हललाय’ असं मनाशी म्हणून मी २ दिले, दुसऱ्या परीक्षकांनीही २. तिसऱ्यांनी ५ दिले होते. फोटो पुन्हा लावला तेव्हा ते म्हणाले, "कॅमेरा हलला असता तर जुडीपण हलली असती. फक्त बोटं हलतायत, कारण ती काम करतायत." मग मी नीट पाहिलं. कडेला शेजारच्या बाईची मांडी अर्धीच दिसत होती, तिच्यावरही तीच मेथी होती. दोघी मिळून एकीच्या घरची भाजी निवडत होत्या. हे सगळं फोटोत पहिल्यापासून होतं.

फोटो काढणारी मुलगी रोज त्याच घोळक्यात बसते. तिनं आधी विचारलं होतं, आणि निकालानंतर त्या बाईंना प्रिंट नेऊन दिली. तेव्हापासून १ किंवा २ गुण देताना मी शेजारी कारण लिहिते. कारणाच्या जागी नुसतं ‘धूसर’ असं लिहिलेलं दिसलं, की तो फोटो परत लावायला सांगते.