स्तनातील गाठ दुखत नसली तरी तपासणी कशी करावी

स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि ‘दुखत नाही, म्हणजे काही नसेल’ या समजुतीपायी अनेक स्त्रिया उपचाराचा मोलाचा काळ गमावतात. आपले स्तन एरवी कसे दिसतात आणि हाताला कसे लागतात, हे ठाऊक असले की बदल लवकर ध्यानात येतो.

पाळी संपल्यानंतर काही दिवसांनी, स्तनांचा जडपणा ओसरला की पाहणी करावी. पाळी कायमची थांबली असल्यास महिन्यातील एक तारीख ठरवावी. आधी आरशासमोर हात कमरेवर दाबून व मग वर उचलून आकारातील नवा फरक, त्वचेवरील खळगा, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा किंवा नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र दिसते का, ते पाहावे. नंतर उताणे पडून, ज्या बाजूचा स्तन तपासायचा त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यावा आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान वर्तुळे करीत, दाब हलक्यापासून बरगड्या जाणवेपर्यंत वाढवत, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंतचा सगळा भाग चाचपावा. काख हमखास राहून जाते; ती मुद्दाम तपासावी.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, परंतु हे केवळ स्पर्शावरून ठरवता येत नाही. त्यामुळे नवी गाठ लागल्यास किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आल्यास डॉक्टरांकडे जावे, सोनोग्राफी अथवा मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) करावी आणि सांगितल्यास बायोप्सीही, म्हणजे सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याची तपासणी, करून घ्यावी. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती अनाठायी आहे, आणि तिच्यामुळे होणारा उशीर मात्र खराच घातक ठरतो.

हाताने केलेली पाहणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, कारण हाताला न लागणारी गाठही मॅमोग्राफीत दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पुरेशा सोयी असलेल्या ठिकाणी ५० ते ६९ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी ती सुचवली आहे. अमेरिकेतील २०२४ च्या शिफारशीनुसार ती चाळिशीपासून करावी. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असल्यास, अथवा घराण्यात बीआरसीए जनुकातील दोष (या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) आढळला असल्यास, डॉक्टरांशी त्याआधीच बोलावे. आनुवंशिक कारण साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच असते, म्हणून ‘आमच्या घरात कोणाला नाही’ यावर विसंबू नये. धोका वाढवणारे वय आपल्या हाती नाही. मद्य टाळणे, पाळी थांबल्यानंतर वजन आटोक्यात ठेवणे आणि नियमित व्यायाम करणे हाती आहे.

मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष आला, तरी गाठ हाताला लागतच असेल तर पुन्हा दाखवावे, कारण घट्ट ऊती असलेल्या स्तनांत ती चित्रात झाकली जाऊ शकते.